कळफलक कपाटात आहे

नाही, नाही — टेबलाखाली वाकून पाहू नका, पूर्णिमाबाई, तिथे नाही तो. कळफलक कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. ती मिळणार नाही. काल फोनवर मी आपल्याला पूर्ण वाक्यांत सांगितले होते की, या संगणकातला पत्रांचा प्रोग्राम असा लावून द्यायचा की त्यातले प्रत्येक काम केवळ माऊसने व्हावे — उघडणे माऊसने, वाचणे माऊसने, पुढच्या पत्रावर जाणे माऊसने. आपण ‘हो काका, होईल’ म्हणालात. आणि बिबवेवाडीहून इथे सदाशिव पेठेत आल्यावर पहिला प्रश्न काय, तर कीबोर्ड कुठे आहे! हे म्हणजे शाकाहारी जेवण सांगितलेल्या आचाऱ्याने आल्या आल्या मासळी कुठे म्हणून विचारावे, तसे झाले. बसा. खुर्चीचा डावा पाय जरा हलतो, तेव्हा उजवीकडे रेलून बसा. कारण? कारण अगदी साधे आहे. माझ्या डाव्या हातात हे भिंग असते. उजव्या हातात माऊस. तिसरा हात मला जन्मतः मिळाला नाही.

अक्षरे मोठी करता येतात? — करा की, नाही कोण म्हणतो. अरे वा. छान. हे तर मला चष्म्याशिवायही — म्हणजे चष्मा लावून, पण भिंगाशिवाय दिसते आहे. मग आता भिंग कशाला? अहो, सवय. चाळीस वर्षे हातात काही ना काही धरून वाचले आहे मी. पुढच्याच गल्लीतल्या वाचनालयात छत्तीस वर्षे शिपाई होतो — होय, शिपाईच, आपण संकोचू नका, मी संकोचत नाही. शाळा सातवीपर्यंत. वारज्याला आमची शेती होती, तेव्हा ते गावच होते. वडील गेनबा, आई बायडाबाई, दोघांनाही अक्षरओळख नव्हती. पेठेत नोकरीला लागलो तेव्हा माझ्या तोंडी ‘हाय’ आणि ‘न्हाय’ असायचे. एका सभासदाने एकदा सगळ्यांदेखत माझी नक्कल केली. त्या दिवसापासून ठरवले की हे लोक जी पुस्तके घरी नेतात ती सगळी मी त्यांच्याआधी वाचीन आणि त्यांच्याहून शुद्ध बोलेन. दोन्ही केले. तो सभासद पुढे माझ्याकडूनच अर्ज लिहून घेत असे. असो. मी आपल्याला कामात अडथळा आणतो आहे का? नाही ना? मग बोलतो.

हे काय केलेत आत्ता — वरच्या पट्टीवर उजवी टिचकी मारली आणि ही बटणांची पेटीच उघडली? आणि यातले हवे ते बोटाने — म्हणजे माऊसनेच — उचलून पट्टीवर नेऊन ठेवायचे? हे इतकी वर्षे इथेच होते? मला कोणी सांगितले नाही. सांगणार कोण, म्हणा. बरे, मग लिहून घ्या — लिहून घेऊ नका, करतच चला. ‘पुढचे न वाचलेले पत्र’ — हे बटण डावीकडे, पहिले. त्याच्या शेजारी ‘मागचे’. मग ‘छापा’. ‘काढून टाका’ मात्र लांब, अगदी पलीकडच्या टोकाला. त्याला शेजार नको. वाचनालयात एखादे पुस्तक बाद करायचे झाले तर तीन सह्या लागत — ग्रंथपाल, चिटणीस, अध्यक्ष — आणि तरीही ते पुस्तक वर्षभर जिन्याखाली ठेवत असू, न जाणो कोणी मागितले तर. इथे एक बटण दाबले की झाले. ही काय पद्धत आहे?

आणि दोन टिचक्यांचे काम एका टिचकीवर आणा. दोन टिचक्या मला — जमत नाहीत असे नाही, आवडत नाहीत. पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये माझा हात जरा विचार करतो. तेवढ्यात पत्र जागचे हलते, घसरत घसरत भलत्याच कप्प्यात जाऊन पडते, आणि मग मी वीजबिलाचे पत्र दिवाळीच्या शुभेच्छांत शोधत बसतो. थरथर? कोण म्हणाले थरथर? मी ‘विचार करतो’ म्हणालो. आपण डॉक्टर नाही, संगणकवाल्या आहात. — बरे, थरथर. किंचित. संक्रांतीपासून. कोणाला सांगितलेले नाही, आपणही सांगू नका. ओढून नेणे बंद करता येते? पूर्ण बंद नाही, पण माऊस संथ करता येतो? करा संथ. घाई कोणाला आहे?

काय? उत्तर लिहायचे झाले तर काय करणार? लिहायचे नाही. केवळ वाचायचे आहे. अहो, लिहावे असे आता कोणी उरलेले नाही. वर्तमानपत्रांची पत्रे येतात, बँकेची येतात, वारज्याचा पुतण्या आमोद सकाळी सकाळी फुलांची चित्रे पाठवतो — त्याला काय उत्तर द्यायचे, फूल मिळाले? — हां, एक पत्र मात्र पाठवायचे आहे. ते लिहून तयार आहे, कळफलक कपाटात जाण्यापूर्वीच लिहिले. मसुद्यांच्या कप्प्यात आहे. फक्त पाठवायचे आहे. म्हणूनच तर आपल्याला बोलावले. ‘पाठवा’ हे बटण मला मोठे हवे आहे, चांगले पोळपाटाएवढे, आणि त्याच्या आजूबाजूला दुसरे काही नको. गेल्या आठवड्यात तीन वेळा पाठवायला बसलो आणि तिन्ही वेळा हात शेजारच्या ‘जतन करा’वर गेला. त्यामुळे एकाच पत्राच्या तीन प्रती झाल्या आहेत. तीन कशाला, एकच पुरे आहे. त्यात मजकूर आहे तेवढा.

वाचलेत? — वाचलेतच आपण, डोळे हलले आपले. काही हरकत नाही, त्यात लपवण्यासारखे काही नाही. ‘ज्येष्ठ स्नेही युसूफभाई यांस — गेल्या चार महिन्यांतील आपल्या मौनाचा अर्थ मला समजला आहे. आपल्यातील पत्रव्यवहार मी आजपासून समाप्त समजतो. कळावे. सो. गे. बराटे.’ कसे वाटले? नाही, मत विचारत नाही. वाक्ये कशी वाटली ते विचारतो. नेमकी आहेत ना? तेवढे मला पुरे.

युसूफ कोण? युसूफ पुस्तकबांधणी करायचा. वाचनालयाच्या मागच्या बोळात त्याचे दुकान होते — दुकान म्हणजे काय, एक ओटा, एक दाबयंत्र आणि खळीचे भांडे. फाटलेली पुस्तके मी त्याच्याकडे घेऊन जायचो आणि बांधून परत आणायचो. पण तो बांधण्यापूर्वी वाचायचा, आणि मी परत ठेवण्यापूर्वी वाचायचो, म्हणजे एकेका पुस्तकावर आमचे भांडण व्हायचे ते खळ वाळेपर्यंत. तेहेतीस वर्षे. मग गुडघे गेले, दुकान बंद झाले, तो कोंढव्याला मुलाकडे राहायला गेला. त्याच्या नातीने, आलियाने, त्याला हे ईमेल शिकवले. मी माझे मीच शिकलो. फोन आम्ही करत नाही. त्याला ऐकू येत नाही आणि तो ते मान्य करत नाही. फोनवर नुसता ‘हां, हां’ म्हणतो, म्हणजे काहीही ऐकू आलेले नसते. म्हणून पत्रे. दर आठवड्याला एक त्याचे, एक माझे. आणि नियम असा, की उत्तर आल्याशिवाय दुसरे पत्र लिहायचे नाही. का? अहो, पत्रव्यवहार आहे तो, हाका मारणे नव्हे.

तर दिवाळीत मी त्याला लिहिले — आपण बटणे बसवत राहा, मी सांगतो — लिहिले की माझ्या वाचनाच्या वह्या बांधून हव्या आहेत. त्या पाहा, खिडकीखाली. एकेचाळीस आहेत. वाचलेले प्रत्येक पुस्तक, तारीख आणि त्याच्याविषयी दोन ओळी. तिसरी ओळ लिहायची नाही असा माझा दंडक आहे. त्यांचे चार खंड व्हावेत, कापडी बांधणी, आणि ती युसूफनेच करावी. दुसऱ्या कोणाच्या हातात मी त्या देणार नाही. हे सगळे नीट लिहिले. आणि शेवटी एक वाक्य लिहिले. ‘आपला हात पूर्वीसारखा राहिला नसल्यास तसे स्पष्ट कळवावे.’

आपण अशा का पाहता माझ्याकडे? वाक्य निर्दोष आहे! दहा वेळा तपासले मी. त्यात एक शब्द अधिक नाही, एक शब्द उणा नाही. पण त्यानंतर युसूफचे पत्र नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, परवा होळीही होऊन गेली. एवढी वर्षे ज्याने माझी प्रत्येक ओळ हसून घेतली त्याला एक वाक्य लागावे? लागले असेल तर सांगायचे! मी काय, क्षमा मागितली असती — मागितली नसती बहुधा, पण विचार तरी केला असता. रोज सकाळी मी हे यंत्र लावतो. वर फुले असतात, खाली बँक असते. मधे तो नसतो. आणि खरे सांगू का आपल्याला — संक्रांतीला तिळगूळ घेताना माझ्या हातून वडी खाली पडली, तेव्हा पहिल्यांदा मनात आले की अरे, हे वाक्य आपण कोणाच्या हाताविषयी लिहिले?

फोन? त्याने केला असता की काय? नाही. एक अनोळखी क्रमांक जानेवारीत दोनदा आला होता, फेब्रुवारीत एकदा. मी अनोळखी क्रमांक घेत नाही. आलियाचा असेल? — तिचा क्रमांक माझ्याकडे नाही, म्हणजे तो अनोळखीच झाला. आपण तर्क करू नका, बटणे करा.

कळफलक कपाटात का गेला ते विचारता? त्याने मला दगा दिला म्हणून. ऐका. त्या दिवाळीतलीच गोष्ट. वह्यांविषयी मी लिहिण्याच्या आदल्या दिवशी युसूफचे पत्र आले होते, फराळाचे. ते वाचले, उत्तराच्या बटणावर टिचकी मारली आणि लिहू लागलो. मी इंग्रजी अक्षरे दाबतो, मराठी उमटते. अक्षरे शोधावी लागतात, म्हणून मी कळफलकाकडे पाहतो, डाव्या हातात भिंग धरून, आणि उजव्या हाताच्या एका बोटाने एकेक कळ दाबतो. वर पाहतो तो काय! उत्तराची चौकट उघडलेलीच नाही — टिचकी लागलीच नव्हती, हात विचार करत होता — आणि युसूफचे पत्र नाहीसे! जागच्या जागी गडप! शोधले, मिळाले नाही. शेवटी नवे पत्र उघडून सगळे पुन्हा लिहिले, आणि त्यातच वह्यांचे घातले. तसे आणखी एकदा झाले, बँकेच्या व्यवस्थापकाने स्वतः लिहिलेल्या पत्राचे. तेव्हा ठरवले, हा कळफलक घरात मोकळा ठेवण्याच्या लायकीचा नाही.

पहिले अक्षर कोणते दाबले होते? हा काय प्रश्न झाला? माझे प्रत्येक पत्र एकाच शब्दाने सुरू होते. ‘ज्येष्ठ’. ज्येष्ठ स्नेही अमुक यांस. युसूफ माझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहे, म्हणून ज्येष्ठ. बँकेचा व्यवस्थापक माझ्याहून लहान आहे, पण त्याच्या पदाला ज्येष्ठ. ‘ज’साठी जे. होय, इंग्रजी जे. का? हसता कशाला? सांगा, मी ऐकतो आहे.

पुन्हा सांगा. उत्तराची चौकट उघडलेली नसताना, पत्रांच्या यादीवर असताना, जे ही कळ दाबली की हा प्रोग्राम समजतो — काय समजतो? की हे पत्र निरुपयोगी आहे? आणि ते कचऱ्याच्या कप्प्यात टाकतो? एका कळीने? आणि मग शिकतो? काय शिकतो? — त्या माणसाची पत्रे इथून पुढे परस्पर तिकडेच टाकायची असे शिकतो?

थांबा जरा. मला पाणी पिऊ द्या.

म्हणजे मी त्याला आदराने ज्येष्ठ म्हणायला गेलो, आणि हे यंत्र — नाही. शक्य नाही. तो कप्पा मला ठाऊक आहे, डाव्या बाजूला, अगदी खाली. मी तो कधी उघडलेला नाही. लॉटरी लागल्याची पत्रे असतात त्यात, आणि टक्कल घालवण्याची. कचरा उपसत बसणे वाचणाऱ्याला शोभत नाही. जिन्याखालच्या पुस्तकांचे वेगळे, ती पुस्तके होती. नको, उघडू नका. आणि उघडून त्यात काही नसले तर? आत्ता निदान — नाही, आपल्याला समजणार नाही ते. चार महिने मी एका माणसावर रागावलो आहे, आणि रागावण्यासारखे एवढे एकच माणूस माझ्याकडे आहे.

उघडा.

सावकाश. खाली न्या. लॉटरी. टक्कल. कर्ज. आणखी खाली — काय हाय ते? ते निळं? — त्याचंच नाव हाय का? अवो, नीट बघून सांगा, माझ्या डोळ्यांत पाणी — भिंग कुठं गेलं माझं, हातातच हाय व्हय... सात? सात पत्रं?

क्षमा करा. मी जरा — हो, बसतो. तळाचे ते फराळाचे राहू द्या, ते वाचलेले आहे. आपण त्यानंतरच्या सातांची नुसती शीर्षके वाचा, मी ऐकतो. ‘वह्या.’ पुढचे. ‘वह्या पुन्हा.’ ‘कापड आणले.’ कापड आणले म्हणे! ‘तब्येत?’ ‘रागावलास का?’ हे कधीचे आहे? फेब्रुवारी. मग? ‘आलिया फोन करते, उचल.’ पाहिलेत, तिचाच होता — हो, हो, आपण म्हणालाच होतात, मी नाकारलेले नाही. आणि शेवटचे? परवाचे. ‘वाचतोस ना?’ आत काय आहे? काहीच नाही? नुसते तेवढेच? नियम मोडला त्याने. उत्तर आले नसताना सात पत्रे लिहिली. सात! तेहेतीस वर्षांत त्याने एकही नियम पाळला नाही, खळ वाळण्यापूर्वी पुस्तक उघडायचा.

पहिले उघडा. ‘वह्या.’ नाही, मला वाचू द्या, अक्षरे मोठी केली आहेत ना आपण. ‘सोनबा, वह्या पाठव. हात थरथरतो हे खरे आहे, पण सुईला मी ते सांगितलेले नाही. शिवण अजून सरळ येते. चार खंड नकोत, पाच कर, चौथा फुगेल. तुझ्या त्या वाक्यावर दोन दिवस हसलो. आलियाला वाचून दाखवले, ती म्हणाली, हे आजोबा कोर्टात कामाला होते का? — युसूफ.’

हसला तो. दोन दिवस. मी इकडे चार महिने...

पूर्णिमाबाई, ते ‘पाठवा’ बटण पुन्हा लहान करा. आत्ताच्या आत्ता. शक्य तितके लहान. आणि मसुद्यांच्या कप्प्यातल्या त्या तीन प्रती — आपण नको, मी काढतो. ते ‘काढून टाका’ कोणत्या टोकाला ठेवलेत? एवढे लांब कशाला ठेवले? मी सांगितले म्हणून? बरे. पहिली. गेली. दुसरी — अहो धरा, धरा माझा हात, घसरतो आहे, तो ‘पाठवा’कडे चालला आहे! — हां. गेली? काढली गेली ना, पाठवली नाही ना गेली? देव पावला. तिसरी आपणच काढा.

आणि हा पत्ता असा लावा की युसूफची पत्रे पुन्हा कधी तिकडे जाणार नाहीत. कसे सांगतात यंत्राला — हा माणूस कचरा नाही, हे बटण कोणते? हे? एक टिचकी? एवढेच? बरे झाले एकच आहे.

आता ही घ्या किल्ली. कपाट उघडा. वरच्या कप्प्यात, टॉवेलात गुंडाळलेला आहे. तसे पाहू नका, मी नको म्हणालो होतो हे मला आठवते. माणसाचे मत बदलते, तेही सकारण. द्या इकडे. धूळ बसली. उत्तरावर टिचकी — मीच मारतो. आणि आता वर पाहायचे. चौकट उघडली का? मी वर पाहतो आहे. पाहतो आहे. उघडली. आता खाली पाहिले तर चालेल. जे... नको. जे नको. आज ज्येष्ठ राहू दे. वाय. कुठे असतो हा वाय — वरच्या ओळीत, मिळाला. ‘युसूफ.’ स्वल्पविराम.

वह्या बांधायला सुतळी लागेल. नाही, ती माझ्याकडे आहे. आलियाचा क्रमांक त्याच्या सहाव्या पत्रात असेल, तो मी घेईन. तिला म्हणेन गाडी घेऊन ये, एकेचाळीस वह्या आहेत आणि एक म्हातारा. आपले काम उत्तम झाले, पूर्णिमाबाई, बटणे सगळी राहू द्यात. आपण अजून मागे उभ्या का? दुसऱ्याचे पत्र लिहिले जात असताना वाचू नये. या आता. जाताना दार ओढून घ्या, कडी आपोआप लागते.